अनघाचे खोटे डॉलर

दिवाळीच्या आदल्या रविवारी अनघा रिसबूडने चांदीचं नाणं विकत घेतलं, ते फक्त लक्ष्मीपूजनासाठी. पूजेतलं नेहमीचं नाणं पुण्यालाच कपाटात राहून गेलं होतं आणि जपानमधली ही तिची पहिली दिवाळी होती. ओसाकात एका देवळाच्या आवारात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो असं तिला ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. तिथे एका म्हाताऱ्याने निळ्या फडक्यावर घड्याळं, चहाची भांडी, फाउंटन पेनं मांडली होती आणि त्यांच्यामध्ये हे मोठं, जड, काळपट नाणं पडलं होतं.

ते घेऊन ती थेट माझ्याकडे आली. आम्ही कोबेत नादा भागात एकाच इमारतीत राहतो, ती चौथ्या मजल्यावर आणि मी दुसऱ्या. माझे यजमान बँकेच्या नोकरीत इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो, त्यामुळे नवीन आलेली मराठी मंडळी सल्ल्याला माझ्याकडे येतात.

"नंदिनीताई, बघा तरी," ती म्हणाली. "अमेरिकेचा ट्रेड डॉलर आहे. एकोणिसाव्या शतकातला. त्यांनी इकडच्या देशांशी व्यापार करायला मुद्दाम पाडला होता म्हणे. ही बाई कशावर बसलीये पाहिलंत?"

मी चष्मा लावून पाहिलं. मालाच्या गाठोड्यांवर एक बाई बसली होती. मागे धान्याची पेंढी, समोर समुद्र, आणि तिने समुद्राकडे हात पुढे केलेला.

"लक्ष्मीच की ही," मी म्हणाले.

"मला तर मीच वाटले," अनघा म्हणाली. "विमानतळावर आपल्या बॅगांवर बसलेली."

हे बोलून ती मोठ्याने हसली. तिचं हसणं हे तिचं वैशिष्ट्य. पण त्या वर्षी ते फारसं ऐकू येत नव्हतं. अनघा सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायच्या हे तिचं काम, आणि त्यात ती फार तरबेज. साहजिकच ती टेबलाजवळ आली की ऑफिसातले लोक घाईघाईने आपापल्या स्क्रीनकडे वळायचे. "रिसबूड-सान" असं आदराने म्हणत, पण जेवायच्या सुट्टीत कुणी तिच्या शेजारी बसत नसे. शशांक, तिचा नवरा, घरून पुण्याच्या कंपनीचं काम करायचा, तो खूश होता. मुलगी तन्वी शाळेत गेली आणि महिन्याभरात जपानी बोलायला लागली. राहिली ती अनघा एकटीच.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "ताई, हातातलं काम टाका आणि वर या."

मी वर गेले तर शशांक चकल्या तळायचा थांबून झारा हातात धरून उभा, तन्वी स्टुलावर, आणि अनघा बेसिनपाशी. पूजेआधी चांदी घासायची आपली पद्धत. रांगोळी नव्हती म्हणून तिने टूथपेस्ट घेतली आणि डॉलर चांगला खसाखसा घासला. गाठोड्यांवरच्या बाईचा गुडघा पिवळाधमक झाला होता. मग खांदा. मग नाक.

"निसेमोनो," तन्वी म्हणाली. खोटी वस्तू. तिला मराठी शब्द आठवला नसावा, किंवा जपानी जास्त ठसक्यात वाटला असावा.

"पितळी लक्ष्मी," शशांक म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

अनघाने नळ बंद केला. नाणं उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता रडते. पण तिच्या पोटातून कुठूनतरी हसू सुरू झालं आणि थांबेचना. "दिवसभर मी लोकांच्या चुका काढते," ती म्हणाली, "पगार त्याचाच घेते. आणि हे... ह्याच्या नाकाचं पितळ मला दिसलं नाही!" मग आम्ही सगळेच हसायला लागलो. चकल्यांचा एक घाणा करपला.

"आता पूजेत काय ठेवायचं?" शशांकने विचारलं.

"हेच. एवढं घासूनपुसून तयार केलंय तिला. आजचा दिवस बसू दे पाटावर."

दिवाळी झाल्यावर तिने हट्टच धरला की खरा डॉलर कसा असतो ते बघायचं. तिचं जपानी तेव्हा कामापुरतंच होतं, म्हणून मी बरोबर गेले. मोतोमाचीच्या बाजारपेठेत मागच्या गल्लीत मोरिवाकी नावाच्या गृहस्थांचं जुन्या नाण्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. मोरिवाकी-सान पंचाहत्तरीचे, स्वेटरच्या कोपरांना चामड्याची ठिगळं. त्यांनी आमचं नाणं तराजूवर ठेवलं, टेबलावर वाजवून पाहिलं, आणि मान खाली घालून म्हणाले, "फार वाईट वाटतं सांगायला."

"ठाऊक आहे आम्हाला," मी म्हणाले. "हिला फक्त खरा बघायचाय."

त्यांनी खणातून एक डॉलर काढला आणि शेजारी ठेवला. दोन्ही एकाच आकाराचे, पण खऱ्या बाईच्या हातातल्या फांदीची पानं मोजता येत होती, आमच्या बाईच्या हातात नुसती काठी होती. मग त्यांनी खरा डॉलर बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने अलगद वाजवला. काय सुरेल आवाज! तो विरेपर्यंत आम्ही तिघं ऐकत राहिलो. नंतर आमचा वाजवला. ठक्. दारावर टिचकी मारल्यासारखा.

"पण हा इतका चकचकीत कशाने झाला?" त्यांनी विचारलं.

मी टूथपेस्टचं सांगितलं. मोरिवाकी-साननी डोळे मिटून घेतले, दाढदुखी उठावी तसे. मग समजावून सांगितलं, की जुन्या चांदीवर काळाने जो रंग चढतो तीच तिची कातडी. संग्राहक त्याच कातडीला किंमत देतात. साल दुर्मिळ असो, टांकसाळ दुर्मिळ असो, नाणं एकदा घासलं की किंमत निम्म्यावर आलीच म्हणून समजा.

"आमच्याकडे चांदी काळी दिसली तर घरची बाई आळशी ठरते," अनघाने मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं.

त्यावर ते खुदकन हसले. आणि हसले म्हणूनच की काय, उठून मागच्या फळीवरचा तांदळाच्या बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा त्यांनी खाली काढला. झाकण उघडलं. आत खोटे डॉलर भरलेले. ट्रेड डॉलर होते, नंतरच्या काळातले मॉर्गन डॉलर होते, अर्धे डॉलरही होते.

"लोक मोठ्या आशेने दाखवायला आणतात," ते म्हणाले. "मी खोटं आहे म्हणून सांगतो. मग ते नाणं इथेच सोडून जातात. घरी न्यायची लाज वाटते. मलाही टाकवत नाहीत."

अनघा डब्यावर वाकली. मी तिला ऑफिसच्या कामात कधी पाहिलेलं नाही, पण त्या दिवशी पाहिलं असं म्हणायला हरकत नाही. एकेक उचलून ती चूक शोधायला लागली. ह्याच्यावर बुडबुडे आहेत, हा साच्यात ओतलेला. ह्याच्या काठाला सांधा दिसतोय. ह्याच्या गरुडाला तीनच बोटं. तिचे गाल लाल झाले होते.

"हे मला विकाल?" तिने विचारलं.

मोरिवाकी-सान दचकले. "मी खोटं नाणं विकलं तर उद्या दुकान बंद करावं लागेल."

"मग?"

त्यांनी डबा तिच्याकडे सरकवला. "तसेच न्या. पण दोन अटी. प्रत्येकाच्या काठाशी एक भोक पाडायचं, म्हणजे पुढे कुणी कुणाला विकणार नाही. आणि ज्याचं नाणं त्याची हकिगत ऐकायची. इतकी वर्षं त्या सगळ्या मी एकटाच बाळगून आहे."

त्यानंतर शनिवारी दुपारी आम्ही त्या दुकानात जायला लागलो. ते सांगायचे, मी अनघाला अडलेले शब्द सांगायची. एक दंतवैद्य होते; जन्मभर लोकांच्या दातांत चांदी भरली आणि स्वतः घेतलेला डॉलर निघाला शिशाचा. एका न्हाव्याने मुलगा अमेरिकेला शिकायला निघाला तेव्हा शुभशकुन म्हणून त्याच्या खिशात अमेरिकेचाच जुना डॉलर घातला होता. तिकडे मुलाने तो दाखवला, सगळ्यांनी त्याची थट्टा केली आणि त्यातल्याच एका मुलीशी पुढे त्याचं लग्न झालं. मुलाने परत आणलेलं ते नाणं घेऊन न्हावीबुवा आले ते विचारायला, की हे खोटं आहे तर शकुन खरा कसा ठरला. 

घरी शशांकने छोटं ड्रिल आणलं. भोकं पाडायचं काम त्याच्याकडे लागलं. नाणी ठेवायला अनघाने मिसळणाचा डबा रिकामा केला. हळदीच्या वाटीत पितळी, जिऱ्याच्या वाटीत लोखंडी, मोहरीच्या वाटीत शिशाची. हळद प्लास्टिकच्या बरणीत गेली, त्यावरून शशांक कुरकुरला, पण फार नाही.

ऑफिसातही बातमी गेली. ती तिनेच सांगितली. फुजिई-सान म्हणून एक तरुण प्रोग्रॅमर होता, ती जवळ आली की जो सर्वांत जास्त घाबरायचा. एक दिवस तो जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन तिच्यासमोर येऊन बसला आणि रुमालातून आजोबांचा डॉलर काढला. "ह्यातली चूक शोधून द्याल का?" त्याने विचारलं. अनघाने शोधून दिली. डॉलरवरच्या इंग्रजी अक्षरांत एक अक्षर उलटं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाशी तिघं जण जेवायला होते.

मग मोरिवाकी-साननी तिला नाणेसंग्राहकांच्या मंडळात नेलं. महिन्यातून एकदा वॉर्डाच्या सभागृहात बैठक. बहुतेक सगळे निवृत्त पुरुष, टाय लावून आलेले. काळं मखमली कापड अंथरून त्यावर चांदी मांडायची, भिंगातून पाहायचं, हळू आवाजात साल आणि टांकसाळ म्हणायची. शाळेतल्या परीक्षेच्या वर्गासारखी शांतता. अध्यक्ष होते हामासाकी-सान, कस्टम्समधून निवृत्त झालेले, शब्द तोलूनमापून बोलणारे. अमेरिकन चांदीच्या किमतीबद्दल त्यांचं मत म्हणजे अखेरचं मत.

नव्या माणसाने उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची असते. तन्वी आणि मी मागे खुर्च्यांवर बसलो होतो. अनघाने आठवडाभर पाठ केलं होतं. ती उठली, कमरेत वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझं नाव रिसबूड. मी भारतातून आले. गेल्या दिवाळीत मी ट्रेड डॉलरच्या बाबतीत लोकांना फसवलं."

एका गृहस्थांनी आपल्या मखमलीवरची नाणी हळूच स्वतःकडे ओढली.

"मला फार आनंद झाला," अनघा पुढे म्हणाली. "म्हणून मी आणखी गोळा करते आहे."

"आई!" तन्वी मागून ओरडली. "दामाशिमाशिता नाही! दामासारेमाशिता! फसवलं नाही, फसले!"

अनघाने तोंडावर हात ठेवला. आणि मग पहिल्या रांगेत हामासाकी-सानचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. मग सगळं सभागृह हसायला लागलं, ती मखमल ओढून घेणारे गृहस्थ तर सर्वांत मोठ्याने. हसू ओसरल्यावर कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "मीसुद्धा फसलोय. एकदा." शेजारचा म्हणाला, "एकदाच?"

पुढच्या बैठकीला हामासाकी-सान कापडी पिशवी घेऊन आले. बरोबर पत्नीही होत्या. पिशवीतून त्यांनी एक डॉलर काढला आणि उभं राहून, सरकारी निवेदन वाचावं तसे बोलले. ट्रेड डॉलर पहिल्यांदा पाडला गेला १८७३ साली, हे ह्या मंडळात आपणच सर्वांना शिकवलं. आपण तरुणपणी, नवीन नवीन संग्रह करायला लागलो तेव्हा अर्ध्या पगाराला घेतलेल्या ह्या डॉलरवर साल आहे १८७२.

"जन्मायच्या आधीचा डॉलर!" अनघा आनंदाने ओरडली.

"आजवर घरात कुणाला दाखवला नाही," हामासाकी-सान म्हणाले.

"पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशाच्या मागे," त्यांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या. "दर वर्षी साफसफाई करताना मी तो पुसून परत ठेवते."

हामासाकी-सान वळून त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या दिवसानंतर त्या दर बैठकीला येऊ लागल्या, आणि येताना संत्री आणायच्या.

मंडळाचं शरद ऋतूतलं प्रदर्शन जवळ आलं, तेव्हा सर्वांनी ठरवलं की ह्या वर्षी एक टेबल अनघाच्या खोट्या डॉलरांचं. प्रत्येक नाण्यासमोर ते कसं ओळखायचं, आणि ज्यांची परवानगी असेल त्यांची हकिगत. मोरिवाकी-सान म्हणाले, खरी नाणी बघून माणूस हेवा करतो, ही बघून शहाणा होईल.

प्रदर्शनाला आठवडा राहिला होता आणि अनघाकडे कुंदनबेन आल्या. कोबेतल्या जुन्या भारतीय व्यापारी कुटुंबांपैकी एका घरातल्या. ऐंशीच्या पुढच्या, पांढरी साडी, काठी टेकत पण पाठ ताठ. बालपण मुंबईत गेल्यामुळे मराठी स्वच्छ. त्यांचे यजमान रसिकभाई मोत्यांचे व्यापारी होते, दोन वर्षांपूर्वी गेले.

"तू फसलेल्यांची नाणी घेतेस असं देवळात ऐकलं," त्या म्हणाल्या आणि पदराच्या गाठीतून एक ट्रेड डॉलर सोडला. "हे आमच्या साहेबांचं. लग्नानंतर लगेच घेतलेलं. हौशीने घरी आणलं आणि माझ्या दिरांनी, जयंतीभाईंनी बघितल्याबरोबर म्हटलं, भाई, ह्याला तर कुणी खिळे ठोकलेत! मोती पारखतोस आणि लोखंडवाल्याकडून फसतोस! तेव्हापासून दर दिवाळीला, दर लग्नात तीच थट्टा. साहेब काही बोलायचे नाहीत. नाणं मात्र टाकलं नाही. मला वाटलं, तुझ्या प्रदर्शनात त्यांना चार फसलेल्या माणसांची सोबत मिळेल."

नाणं खरंच विचित्र होतं. दोन्ही बाजूंनी ठोकलेल्या खुणा. बाईच्या गुडघ्यावर, समुद्रावर, गरुडाच्या पंखांवर. मध्ये थोडा खोलगटही झालेला. अनघाने त्यांना चहा दिला, हकिगत पुन्हा एकदा नीट ऐकली आणि नाणं शशांकला दिलं. त्याने ते लाकडी पट्ट्यांमध्ये धरून शिकंज्यात आवळलं, ड्रिल सुरू केलं. टोक नाण्यापासून बोटभर अंतरावर आलं असेल.

"थांब," अनघा म्हणाली. "वजन राहिलं."

"इतके ठोके बसलेत, वजन काय करायचंय?"

"टेस्ट न करता मी काही पुढे जाऊ देत नाही."

तिने ते काट्यावर ठेवलं. जवळपास हवं तितकंच वजन भरलं, थोडं कमी, जुनं झिजलेलं नाणं असावं तितपत. तिने भुवया आक्रसल्या. चांदीची घनता तपासायला दोऱ्याने बांधून पाण्यात सोडलं आणि पुन्हा वजन केलं. मग बोटावर तोलून पेन्सिलीने वाजवलं. तो सूर खोलीभर पसरला. शशांकने ड्रिलची वायर भिंतीतून काढूनच टाकली.

अनघाचा चेहरा पडला. खरंच पडला, मी समोर होते. "कुंदनबेन," ती म्हणाली, "हे मला घेता येणार नाही."

"का गं? म्हणजे खोटंसुद्धा धड नाही का?"

"नाही हो. हे खरं आहे."

कुंदनबेननी कप खाली ठेवला. त्यांचा विश्वास बसेना, आणि खरं सांगायचं तर माझाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे मोरिवाकी-सानच्या दुकानात जमलो. कुंदनबेनना खुर्ची दिली, हामासाकी-सान दारात उभे, मी आणि अनघा गल्लीत. मोरिवाकी-साननी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं आणि नाणं हामासाकी-सानकडे दिलं. त्यांनीही पाहिलं.

"हे खिळे नाहीत," हामासाकी-सान म्हणाले. "हे ठसे आहेत. त्या काळात चीनमधल्या व्यापाऱ्यांच्या हातात डॉलर आला की ते आधी चांदी पारखून घ्यायचे, आणि खरी निघाली की आपल्या पेढीचा बारीक ठसा त्यावर उठवायचे. पुढच्या माणसाने निर्धास्त घ्यावा म्हणून. हा डॉलर बऱ्याच हातांतून गेलाय आणि प्रत्येकाने तो खरा म्हणून सांगितलंय."

मी मराठीत सांगत होते आणि कुंदनबेन एकेका खुणेवरून बोट फिरवत होत्या.

"किंमत?" अनघाने विचारलं. सवयच ती.

मोरिवाकी-सान म्हणाले, पूर्वी असल्या नाण्यांना विद्रूप समजून कुणी विचारत नसे, आता मुद्दाम हेच जमवणारेही आहेत. तरी फार नाही. घरच्यांनी एकदा चांगल्या ठिकाणी जेवून यावं एवढी. "पण मी विकत घेणार नाही," ते म्हणाले. "विकू नका."

"विकते कसली!" कुंदनबेन उठल्याच. "मला आधी घरी सोडा. मुंबईला फोन लावायचाय."

त्यांचं घर कितानोच्या चढावर. दिवाणखान्यात रसिकभाईंचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. अनघाने व्हिडिओ कॉल जोडून दिला. पडद्यावर जयंतीभाई आले, बनियनवर शाल घेतलेले, कानाला मशीन. कुंदनबेननी नाणं कॅमेऱ्यासमोर धरलं आणि गुजरातीत सगळं सांगितलं, एकही ठसा न गाळता. जयंतीभाई ऐकत होते. मध्येच त्यांनी मशीन नीट बसवलं. 

"ऐकलंत ना?" कुंदनबेननी विचारलं.

"भाभी," ते म्हणाले, "फोन भाईच्या फोटोसमोर धरा."

त्यांनी धरला. जयंतीभाईंनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान पकडले. "भाई, मी हरलो," ते म्हणाले. "पण एकदा तरी बोलायचं होतंस रे!" आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिले. कुंदनबेनही हसत होत्या. त्यांनी तो डॉलर त्याच वेळी फोटोसमोरच्या चांदीच्या ताटलीत ठेवला, न घासता, होता तसा काळा.

प्रदर्शनाच्या दिवशी अनघाच्या टेबलाभोवती इतकी गर्दी झाली की दुर्मिळ नाण्यांची काचेची कपाटं ओस पडली. लोक नाणी हातात घेऊन वाजवून बघत होते, कारण इथे हात लावायला बंदी नव्हती. हामासाकी-सान आपल्या १८७२ च्या डॉलरशेजारी ताठ उभे राहून प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने हकिगत सांगत होते. फुजिई-सान आजोबांच्या उलट्या अक्षराचा फोटो काढून सगळ्यांना पाठवत होता. न्हावीबुवाही आले होते, अमेरिकन सुनेला घेऊन.

दुपारी कुंदनबेन आल्या. ठेवणीतली मोतिया रंगाची साडी, कानात टपोरे मोती.

"आमच्या नाण्याला तर तू जागा दिली नाहीस," त्या अनघाला म्हणाल्या. "पण मी रिकाम्या हाताने यायची नाही." आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांनी दोन्ही कानांतल्या मोत्यांच्या कुड्या उतरवून टेबलावर ठेवल्या.

"हे काय?"

"खोटे आहेत. लग्नातले खरे होते, साहेबांनी स्वतः निवडून आणलेले. त्यातला एक सुमाच्या समुद्रात आंघोळीला गेले तेव्हा पडला. मी घाबरले. दुसरा पेटीच्या तळाशी दडवला आणि बाजारातून हुबेहूब दिसणारी खोटी जोडी आणली. तेव्हापासून हीच घालते आहे. मोत्यांच्या पेढीची मालकीण, आणि कानात काचेचे मणी!"

तन्वीने जपानीत सांगायला सुरुवात केली तशी माणसं जवळ सरकली. हामासाकी-सानच्या पत्नींनी हातातली संत्र्यांची टोपली खाली ठेवली.

"आणि रसिकभाईंनी कधी ओळखलं नाही?" अनघाने विचारलं. "मोत्यांचे व्यापारी तर दाताला लावून मोती ओळखतात."

"रोज रात्री माझ्या कानांतून ते स्वतः काढायचे आणि डबीत ठेवायचे," कुंदनबेन म्हणाल्या. "ओळखले नसतील होय? पण एक शब्द बोलले नाहीत." त्यांनी रिकाम्या कानाच्या पाळीला हात लावला. त्या हसत होत्या. "मी तरी कुठे बोलले!"

अनघाने कुड्या उचलल्या. नाण्यांच्या टेबलावर मोती कसे ठेवायचे ह्यावर मंडळाचा काही नियम असेल तर तो त्या वेळी कुणालाही आठवला नाही. तिने दोन डॉलर बाजूला सरकवून जागा केली, मोरिवाकी-साननी आपली मखमल पसरून दिली आणि शशांकने विचारलं, "ह्यांना पण भोक पाडू?"

"त्यांना आहे आधीच," अनघा म्हणाली आणि तिचं ते हसणं सभागृहाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं. तिकडचे राहिलेले लोकही इकडे आले.

मग कुंदनबेनना खुर्ची आणून दिली आणि नव्या लोकांसाठी त्यांनी हकिगत पुन्हा सांगितली. नंतर आणखी एकदा. तिसऱ्यांदा सांगताना सुमाच्या समुद्रात वादळही आलं होतं. तन्वीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि तेही भाषांतर करून टाकलं.